डावा कोपरा

मैदानाची माती उचलून नेली त्या दिवशी मी तिथेच होतो. दोन ट्रॅक्टर आणि एक जेसीबी, एवढ्यात काम उरकलं. जिला हात लावून कपाळाशी नेल्याशिवाय आम्ही कधी आत पाऊल टाकलं नाही, ती माती अमरावतीबाहेर, नांदगाव पेठेकडे, कुठल्याशा बांधकामात भर घालायला गेली. आता तिथे पत्र्याचा हॉल आहे आणि आत रबराची निळी मॅट. नवी पोरं बूट घालून कबड्डी खेळतात. चांगलंच आहे, गुडघे फुटत नाहीत.

माझ्या नाकातून मात्र ती माती जात नाही. आमच्याकडची काळी माती कबड्डीला चालत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ओली झाली की ती पाय धरून ठेवते. म्हणून आमचं कबड्डी मंडळ नदीकाठची गाळाची माती आणायचं. ती आम्ही चाळायचो, खडा न् खडा वेचायचो, संध्याकाळी पाणी शिंपडायचो, आणि वर चुन्याच्या फक्कीने पांढऱ्या रेघा ओढायचो. पाणी मुरेपर्यंत आत जायची बंदी. तेवढा वेळ कडेला बसून गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळायच्या, खोबरेल चोळायचं, आणि समोर ती माती हळूहळू रंग बदलताना बघायची. घरी गेल्यावर आई म्हणायची, आंघोळीच्या पाण्यात अर्धं मैदान येतं तुझ्याबरोबर. मातीबद्दल मी असा तासभर बोलू शकतो. लोकांना आवडतंही.

हॉल उभा राहिल्यावर मंडळाच्या जुन्या खोलीतलं सामान तिकडे हलवायचं होतं. विजूभाऊंनी मला त्यासाठीच बोलावलं होतं. विजूभाऊ म्हणजे आमच्या वेळचे कप्तान, आता मंडळाचे सचिव. केस गेले, आवाज तोच आहे. ढाली निघाल्या, कप निघाले, उंदरांनी कुरतडलेल्या जर्स्या निघाल्या, आणि भिंतीवरून आमच्या संघाचा फोटो निघाला.

फोटोत आम्ही साखळी करून उभे आहोत. कबड्डीत चढाई करणारा एकटा येतो आणि समोरच्या संघातले सात जण जोडीजोडीने हात धरून त्याला अडवतात. फोटोसाठी आम्ही सातही जणांची एकच सलग साखळी केली होती. पुरुषांनी भर दिवसा, हजार माणसांसमोर एकमेकांचे हात धरावेत आणि कोणाला त्यात काही वाटू नये, अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. फोटोत मात्र सहाच जण दिसतात. कडेला मी आहे. माझ्या डाव्या हातात एक हात आहे. तो मनगटापर्यंत दिसतो आणि मग फ्रेमची लाकडी पट्टी सुरू होते.

“हा कोनाचा हात हाय भाऊ?” मंडळाचा आताचा प्रशिक्षक काच पुसता पुसता म्हणाला.

“निल्याचा. डावा कोपरा खेळे थो,” विजूभाऊ म्हणाले. “फ्रेम लहान पडली होती तवा.”

“कसा होता?”

“वाघ होता बे. पन घाई करे. घाईनंच गेला.”

मी ढालींवरची धूळ झटकत राहिलो. मग चहा आला. चहा पिता पिता प्रशिक्षकाने मोबाइलवरची एक बातमी दाखवली. परदेशातल्या कोणा फुटबॉल खेळाडूने जाहीरपणे सांगितलं होतं की मला पुरुष आवडतात, आणि त्याच्या संघातल्यांनी त्याला मिठ्या मारल्या होत्या. विजूभाऊंनी चष्मा कपाळावर चढवून बातमी वाचली आणि मोबाइल परत दिला. “तिकडं चालते हे सारं,” ते म्हणाले. “आपल्या मातीत नाई बावा असे पोट्टे.” सगळे हसले. मीही हसलो. माझं हसू नेहमी वेळेवर येतं, एकवीस वर्षांचा सराव आहे त्याला.

तर आता लिहूनच टाकतो. माझं निल्यावर प्रेम होतं आणि त्याचं माझ्यावर. आम्ही वीस-एकवीस वर्षांचे होतो. हे वाक्य मी आजवर कोणापुढे बोललेलो नाही, बायकोपुढेही नाही, आणि एकटा असतानासुद्धा मोठ्याने नाही.

निल्या मोर्शीकडच्या एका खेड्यातला. बापाची संत्र्याची बाग होती. माघात आंबिया बहार फुलायचा तेव्हा त्याच्या गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरताच वास यायचा, गोड, जड, डोकं धरणारा. बागेत खाली पांढऱ्या पाकळ्यांचा सडा असायचा आणि वर मधमाश्यांची सलग गुणगुण. निल्याची आई, तिला मी मावशी म्हणायचो, बागेतच गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजायची आणि आम्हा दोघांना एकाच पळसपानाच्या पत्रावळीवर वाढायची. “कायले दोन पत्रावया खराब करू? हे दोघं त एकाच जुवाले जुंपले हायेत,” असं म्हणून ती हसायची. वांग्याच्या भाजीत तेलाचा तवंग असायचा, आणि निल्या रोडगा फोडून मोठा तुकडा माझ्याकडे सरकवायचा. तेवढंच, पण मला त्या वेळी दुसरं काही लागत नव्हतं.

कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेत सामने असायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जायचो, थंडीने दात वाजायचे. यात्रेतला धुरळा, रेवड्या, पाळण्यांची करकर, आणि देवळातून ऐकू येणारे टाळ. सामना संपला की आम्ही दोघं वर्धा नदीवर माती धुवायला जायचो. पाणी असं गार की पायाची बोटं निळी पडायची. माझ्या कानामागे माती राहायचीच. निल्या ती अंगठ्याने काढायचा आणि म्हणायचा, “इथं काय पेराचं हाय का लेका?” मी मान वाकडी करून उभा राहायचो. मुद्दाम नीट धुवायचो नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

खेळात निल्या डावा कोपरा आणि मी त्याच्या शेजारी, डावा मध्यरक्षक. त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातात. कोपऱ्यातल्याने चढाईवाल्याचा घोटा धरायचा आणि शेजारच्याने लगेच त्याच्यावर झेपावून पकड झाकायची, ही पद्धत. शेजारचा आला नाही तर कोपऱ्यातला एकटा फरपटत जातो. निल्याचं लक्ष चढाईवाल्याच्या पायांवर असायचं, तो मान वर करायचा नाही. मान वर करून बघायचं काम माझं. म्हणून आमची एक खूण होती: मी त्याचा हात एकदा दाबला तर थांब, दोनदा दाबला तर जा. कप्तानालासुद्धा ही खूण माहीत नव्हती. विजूभाऊ म्हणायचे, “यायले काई सांगा लागत नाई बावा, आपल्या आपच समजते.” त्यावर आम्ही दोघंही मातीकडे बघायचो.

मग बोलवा झाली, की निल्याचं कुणा पोराशी आहे. कोणी केली, काय पाहिलं, कुठून फुटलं, त्यात मी शिरत नाही. मला एवढंच आठवतं की एका सोमवारी मंडळातल्या माठाजवळ निल्याचा पेला वेगळा ठेवलेला होता. ट्रॉलीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. साखळीचा सराव करताना त्याच्या हाताला लागलेला हात पोरं खाली वाकून मातीवर घासायची, आणि फक्कीच्या रेघेपलीकडे कोणीतरी बायकी आवाजात हाक मारायचं. नाव मात्र निल्याचंच घेतलं जायचं. दुसरा कोण, ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि तो दुसरा तिथेच उभा राहून गुडघ्याला पट्टी गुंडाळत असायचा.

मी विजूभाऊंना बाजूला घेऊन म्हणालो, “भाऊ, मले उजवीकडं टाका.”

“अकोल्याची इस्पर्धा होऊन जाऊ दे,” ते म्हणाले. “मलेबी समजते सारं. पन थ्याच्यावाचून कोपरा कोन सांभाळन? इस्पर्धा झाली का पाहू थ्याचं.”

म्हणजे निल्या त्यांना अकोल्यापुरता हवा होता. मी मान हलवली. निल्याला यातलं काही सांगितलं नाही.

अकोल्यातली ती स्पर्धा मोठी होती. तिथून विभागाचा संघ निवडला जायचा, आणि विभागाकडून खेळल्याचं प्रमाणपत्र म्हणजे खेळाडूंच्या कोट्यातली सरकारी नोकरी. निल्याच्या बापाची अर्धी बाग तोपर्यंत डिंक्या रोगाने वाळली होती आणि घरात सगळ्यांचे डोळे त्या प्रमाणपत्राकडे लागले होते. उपांत्य सामना दुपारी होता. ऊन असं की मातीवर पाणी शिंपडलं तरी ती पाच मिनिटांत कोरडी. आमच्याच गावाकडून आलेली काही मंडळी कडेला बसली होती. पहिल्या चढाईपासून त्यांनी सुरू केलं, “हात पाहा कसा धरला! नवरी सोडत नाई बावा नवरदेवाले!” पूर्ण मैदान हसत होतं. नवरी कोण ते सगळ्यांना माहीत होतं. आता लोक नवरदेवाकडे बघायला लागले होते.

समोरून त्यांचा उंच चढाईवाला आला. त्याने कोपऱ्याकडे पाय टाकला, तोल किंचित पुढे गेला, आणि मी सवयीने निल्याचा हात दोनदा दाबला. त्याच क्षणी कडेवरून कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं, “आबे, सोड थ्याचा हात!”

मी सोडला.

निल्या तोवर निघाला होता. त्याने घोटा धरला, अगदी घट्ट, शिकवल्यासारखा. मी झेप घ्यायला हवी होती. मी उभा होतो, दोन्ही हात मांडीला चिकटवून. चढाईवाल्याने त्याला ओढत ओढत मधल्या रेघेपर्यंत नेलं. निल्याचा उजवा हात मागे पसरलेला होता, बोटं उघडी, जिथे माझा हात असायला हवा होता तिथे. त्या हातावर तिसऱ्याच कोणाचा तरी गुडघा आला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला आणि खांदा निखळला. तोंडात माती गेल्यामुळे त्याला ओरडताही आलं नाही.

“घाई केली लेकानं,” विजूभाऊ म्हणाले. सगळ्यांनी तेच म्हटलं. मीही म्हटलं.

दवाखान्यात मावशी आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. निल्याला आत नेलं होतं. तिने माझं मनगट पकडलं. “तू बाजूले होता ना रे? त्वा हात धरला होता ना थ्याचा?”

“हो मावशी,” मी म्हणालो. “पण त्यानं घाई केली.”

तिने पदराच्या गाठीतून दोन लिमलेटच्या गोळ्या काढल्या, एक मला दिली. दुसरी निल्यासाठी मुठीत धरून बसली.

पुढे विभागाच्या संघात माझी निवड झाली. मी प्रमाणपत्र घेतलं, नोकरी घेतली, आजही अमरावतीत त्याच नोकरीत आहे. निल्याचा खांदा नीट बसलाच नाही, हात डोक्याच्या वर जायचा बंद झाला. मंडळाने त्याला ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही, त्याचं नाव घ्यायचंच बंद केलं. त्याने अकोल्यात दुकान टाकल्याचं माझ्या कानावर आलं होतं. आणि तो फोटो. फ्रेम लहान पडली नव्हती. फोटो फ्रेम करायला मीच नेला होता. कारागिराने विचारलं, पूर्ण घेऊ का? मी बोट ठेवून सांगितलं, इथून दुमडा. त्याने घडी घातली, नखाने दाबली. मनगटापर्यंतचा हात तेवढा राहिला, कारण तो कापायचा तर माझा हात कापावा लागला असता.

सामान हलवून झाल्यावर मी तो फोटो नव्या फ्रेमसाठी म्हणून मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेलो. अमरावती-अकोला दोन तासांचा रस्ता. नोकरीच्या कामाने मी तो शेकडो वेळा केला आहे, पण निल्याचं दुकान ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता नेहमी टाळला. विहिरीवरच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं, रिवाइंडिंगचं दुकान. दारातच वॉर्निशचा झणझणीत वास. निल्या खाली पाट घेऊन बसला होता, मांडीत मोटार, बोटांत तांब्याची तार. उजवा कोपर बरगडीला टेकवलेला. केस पांढरे झाले होते, मान अजून तशीच खाली घालून बसायची सवय होती.

“बस,” तो म्हणाला. जणू मी काल येऊन गेलो होतो.

मी फ्रेम उघडली, घडी सरळ केली. एकवीस वर्षं अंधारात राहिलेला त्याचा भाग आमच्यापेक्षा ताजा होता. आम्ही सहा जण पिवळे पडलो होतो आणि निल्या काळ्याभोर केसांनी हसत उभा होता. मधून पांढरी रेघ गेली होती, फक्कीने आखावी तशी.

त्याने पुष्कळ वेळ पाहिलं. मग विचारलं, “हात तेवढा काहून ठेवला? थोबी दुमडाचा होता.”

मला रडू आलं. मी म्हणालो, “निल्या, माफ कर मले.” त्याने तार खाली ठेवली नाही.

“पुढच्या आयतवारी हॉलचं उद्घाटन हाय,” मी म्हणालो. “मी हा पूर्ण फोटो लावतो. तू ये.”

“मी नाई येत. पन एक काम कर.” आता त्याने मान वर केली. “बाकीचं काई नको सांगू. तुले बायको हाय, पोरगी हाय. आपलं जे होतं थे आपलं होतं, थे कोनाले देऊ नको. फक्त येवढं सांग का निल्यानं घाई केली नाई. त्वा दोनदा दाबला होता. माही माय मरेपर्यंत मलेच म्हने, काहून घाई केली रे बापू. म्या तिले कदी सांगतलं नाई.”

मी होकार दिला. जोरात दिला. त्याने माझा नंबर घेतला, चहा मागवला, आणि चहा पिताना विचारलं की मैदानाची माती कुठे टाकली. मी सांगितलं. तो म्हणाला, चांगली माती होती.

अमरावतीला परतल्यावर नवी, मोठी फ्रेम करून घेतली. या वेळच्या कारागिरानेही विचारलं, जुनी घडी दिसते, इथूनच घेऊ का? मी म्हणालो, नको, पूर्ण घ्या. रविवारी सकाळी लवकर जाऊन मी स्वतः फोटो हॉलमध्ये टांगला. विजूभाऊ आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मला वाटलं, आता काढायला सांगतील. “राहू दे,” ते म्हणाले. “आता कोनाले काय समजते.” मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज नंतर वाटली.

हॉल भरला होता. नवी पोरं मॅटवर मांडी घालून बसली होती. विजूभाऊंनी जुन्या संघाची ओळख करून दिली, एकेक नाव, एकेक किस्सा. फोटोतल्या शेवटच्या माणसापाशी आले आणि म्हणाले, “हा निलेश. वाघ होता. पन घाई केली आन् जिंदगी घालवली. पोट्टेहो, घाई करू नका.” मग त्यांनी माइक माझ्या हातात दिला. “हा थ्याच्या बाजूले खेळे. हाच सांगन.”

माइक गार होता. समोर पोरं होती, पहिल्या रांगेत बायको होती, मुलगी मोबाइलवर माझं शूटिंग करत होती. वाक्य तयार होतं. रात्रंदिवस घोकलं होतं. सात-आठ शब्दांचं वाक्य.

मी म्हणालो, “मित्रांनो, आमच्या वेळी ही मॅट नव्हती. माती होती.”

आणि मी मातीबद्दल बोललो. चाळणीबद्दल, फक्कीच्या रेघांबद्दल, पाणी मुरेपर्यंत कडेला बसून राहण्याबद्दल, आईच्या आंघोळीच्या पाण्याबद्दल. फार छान बोललो. विजूभाऊंनी डोळे पुसले. मुलगी घरी येताना म्हणाली, बाबा, तुम्ही लिहीत का नाही?

तिनेच तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो फिरत गेला असणार. मंगळवारी ऑफिसात असताना अकोल्याहून मेसेज आला. निल्याने तोच व्हिडिओ मला परत पाठवला होता. खाली एकही शब्द नव्हता. नुसते दोन जोडलेले हात.